नववी ‘ब’चा फळा आणि आमची जुनी गाडी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी होऊन ४५ वर्षं झाली. संयोजक मंडळींनी फोनवर सांगितलं, “तू अमेरिकेहून येतोयस, वीस मिनिटं बोल. पण नोकरीचं नको, कोणाला कळणार नाही.” त्यांचं बरोबर आहे. मी आयुष्यभर गाड्यांच्या ब्रेकची गणितं केली. ती माझ्या बायकोलाही ऐकवत नाहीत. सकाळी आपल्या डॉक्टरांनी गुडघ्यांवर सांगितलं, बँकेतल्या मित्राने म्हातारपणच्या पैशांवर सांगितलं. दोन्ही उपयोगाचं होतं. मी बोलणार आहे जुन्या गाडीला रंगाचे ठिगळ कसे लावावेत, यावर. हसू नका. शेवटी विषय आपल्या शाळेवरच येणार आहे.

आधी गाडी कसली, ते सांगतो. तिकडे तिला मोटरहोम म्हणतात. पुढे ट्रकची केबिन आणि मागे त्याच सांगाड्यावर बांधलेली एक खोली. त्यात ओटा, गॅस, फ्रिज, पलंग, संडास-बाथरूम. केबिनच्या डोक्यावरही एक पलंग असतो, आपल्या माळ्यासारखा. आमची गाडी २७ फुटी, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा आखूड. तिकडे इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. आपल्याकडे इचलकरंजीत जसे माग, तसे त्या भागात या गाड्यांचे कारखाने. आमची गाडी १९९७ ची. आम्ही ती २००९ मध्ये घेतली तेव्हाच ती १२ वर्षांची होती.

घेतली ती आईसाठी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्या हातचं खाल्लं आहे. मधल्या सुट्टीत डबा आमच्या घरी उघडणारे दोन जण समोरच बसलेत. आई मिशिगनला आमच्याकडे आली, पण फिरायला निघायची नाही. गुडघे दुखायचे, बाहेरचं चालायचं नाही आणि दर तासाला ‘जायला’ लागायचं. तिला नेता यावं म्हणून ही गाडी घेतली. मग तिने आठ किलोमीटर लांबीचा मॅकिनॉचा पूल बघितला आणि लेक सुपीरियरच्या काठावर पिठलं-भाकरी केली. ते पाणी खारट नाही, हे ओंजळीत घेऊन चाखल्याशिवाय तिला पटलं नाही. समुद्राएवढं पाणी आणि गोडं? “मग एवढं पाणी इथे करतंय काय?” असं ती म्हणाली. आपल्या गावच्या मे महिन्यातल्या विहिरी ज्यांना आठवतात, त्यांना तो प्रश्न कळेल.

आई गेली. मुलं आपापल्या मार्गाला लागली. गाडी उभी राहिली. मिशिगनचा हिवाळा म्हणजे चार-पाच महिने बर्फ, आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ. पुढच्या चाकांवरच्या पत्र्याला गंज धरला. मागच्या खोलीचा पांढरा रंग खडूसारखा हाताला लागायला लागला. निळे पट्टे तडकले. छताच्या कडेपासून काळे ओघळ खाली उतरले, काजळ पसरलेल्या डोळ्यांसारखे. रंगाच्या दुकानात विचारलं तर पूर्ण रंगाचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा निघाला. २०२३ च्या वसंतात मी ठरवलं की गाडी विकायची आणि त्याआधी जिथे जिथे वाईट दिसतं तिथे आपणच हात मारायचा.

आता माझी पहिली चूक ऐका. मी जे दिसत होतं त्यालाच रंग लावायला निघालो. केबिनच्या डोक्यावर, त्या माळ्याच्या कोपऱ्यात, एक छोटा दिवा असतो. त्याच्या खाली वीतभर जागेत रंगाला फोड आले होते, एक बारीक चीरही होती. मी ती जागा ओल्या फडक्याने पुसली आणि फवाऱ्याचा डबा घेऊन पांढरा रंग मारला. रंग पसरेना. त्यात मटकीएवढे गोल खड्डे पडायला लागले, तेलावर पाणी टाकल्यासारखे. मला वाटलं रंग कमी पडतोय, म्हणून जाड थर दिला. खड्डे बुजले. दहा पावलांवरून गाडी झकास दिसायला लागली आणि मी तिथूनच फोटो काढले.

जाहिरात वाचून एक तरुण जोडपं आलं. सोबत चार वर्षांची मुलगी. त्यांनी गाडी फिरून बघितली. मुलगी सरळ शिडीवरून माळ्यावर चढली, उशीवर डोकं ठेवून डोळे मिटून झोपल्याचं नाटक केलं आणि म्हणाली, ही माझी जागा. बापाने मला विचारलं, “कुठे गळते का?” मी म्हणालो, “माझ्या माहितीत तरी नाही.”

वाक्य खोटं नव्हतं. माझ्या माहितीत नव्हतं, कारण माहिती करून घ्यायचं मी टाळलं होतं. त्यांनी ५०० डॉलर विसार दिला आणि दहा दिवसांनी गाडी न्यायचं ठरलं.

त्याच आठवड्यात एका रात्री पाऊस लागला. मी जागा होतो. छतावर पाऊस वाजत होता आणि मला एकदम नववी ‘ब’चा फळा आठवला. मित्रांनो, आता तुमच्यातले पाच जण खुर्चीत जरा सावरून बसतील.

१९७८ च्या मे महिन्याच्या सुट्टीत वर्गांचे फळे रंगवायचं श्रमदान होतं. नववी ‘ब’चा फळा आम्हा सहा जणांकडे. चित्रकलेच्या सरांनी आम्हाला उभं करून सांगितलं होतं, “आधी धुवायचा. पूर्ण वाळू द्यायचा. मग पॉलिश पेपर. मग पुन्हा पुसायचा. रंग सगळ्यांत शेवटी.” सर दोन दिवसांसाठी गावाला गेले. वरच्या आळीच्या पोरांशी आमची मॅच होती. फळ्यावर वर्षभराची खडूची भुकटी बसलेली, मध्ये तेलकट चकाकी. आम्ही डस्टर फिरवला आणि थेट काळा रंग फासला. अर्ध्या तासात काम खलास. फळा असा दिसत होता की सर परत आल्यावर त्यांनी पाठ थोपटली.

जुलैत पोपडे निघायला लागले. बाई भूमितीची आकृती काढायच्या आणि पुसताना त्रिकोणासकट फळ्याचा तुकडा खाली यायचा. मुख्याध्यापकांनी शिपाईमामांना बोलावलं, कारण रंगाचा डबा त्यांनी आणला होता. हलका रंग आणून वरचे पैसे खाल्ले, असा त्यांच्यावर ठपका आला. मामा व्हरांड्यात आम्हाला भेटले आणि म्हणाले, “पोरांनो, धुतला होता ना रे?” आम्ही सहा जणांनी मान हलवली. कोणीतरी म्हणालं, “हो मामा.” ते कोणीतरी म्हणजे मी. डब्याचे पैसे मामांच्या पगारातून कापले, हे पुढे दिवाळीत कानावर आलं.

त्या पावसाच्या रात्री मला हे आठवलं. सकाळी उजाडताच शिडी लावली आणि माझ्या सुंदर पांढऱ्या ठिगळावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला, शिळ्या इडलीत जावा तसा. आतून माळ्यावरची गादी उचलली. कोपऱ्यातली फळी काळी पडली होती आणि कुबट वास येत होता. त्या मुलीची उशी बरोबर तिथेच होती.

मी त्या तरुणाला फोन केला. म्हणालो, गळते, मी नीट बघितलं नव्हतं, विसार परत घे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग ‘थँक यू’ म्हणाला आणि फोन ठेवला. ते लोक पुन्हा आले नाहीत, त्यांनी दुसरी गाडी घेतली असेल. मी मात्र तो सगळा उन्हाळा गाडीपाशी काढला. त्यात जे शिकलो ते आता सांगतो. तुमच्याकडे मोटरहोम नसेल, पण गेट, ग्रिल, स्कूटर, टेम्पो तर आहे.

पहिली गोष्ट. रंग उगीच सुटत नाही. तो सुटला तर का सुटला, ते आधी विचारायचं. फोड आला असेल तर मागे पाणी आहे किंवा गंज आहे. म्हणून काम वरून सुरू करायचं, छतापासून. छताचे जोड, दिव्यांच्या कडा, कोपऱ्यांच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी. पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत जायचं. चांगली जागा टणटणीत वाजते, कुजलेली बद्द. दोन सुया टोचून लाकडातला ओलावा सांगणारं एक छोटं यंत्र मिळतं. आकडा साधारण २० टक्क्यांच्या वर राहत असेल तर कुजण्याची भीती धरावी. माझ्या कोपऱ्यात तो त्याच्या कितीतरी वर होता.

मी कोपऱ्याची अॅल्युमिनियमची पट्टी काढली. तिच्याखालची चिकट पट्टी सुकून भाकरीच्या पापुद्र्यासारखी झाली होती. दिव्याचं रबर कडक झालं होतं. पाणी तिथून आत, फळीत. मी कुजलेलं लाकूड चांगल्या लाकडापर्यंत कापून काढलं, बाकीचं पंखा लावून दोन आठवडे वाळवलं, नव्या पट्ट्या आणि प्लाय बसवला. मग पट्टीखाली नवी ब्यूटाइलची चिकट टेप, नवे स्क्रू, दिव्याला नवं रबर. मग घरातल्या पाइपने अर्धा तास पाणी मारलं आणि आत टॉर्च घेऊन बसलो. कोरडं. या सगळ्याला सहा आठवडे लागले आणि रंगाचा डबा मी अजून उघडलाही नव्हता.

दुसरी गोष्ट. ते मटकीएवढे खड्डे कशाने पडले? आधीच्या मालकाने चीर बुजवायला सिलिकॉन भरलं होतं. सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि ते काढलं तरी त्याचा ओशटपणा मागे राहतो. तसंच मेणाच्या पॉलिशचं. म्हणून रंगाआधी मेण आणि तेल काढणारं द्रावण वापरायचं. एका फडक्याने लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. हे पॉलिश पेपरच्या आधी करायचं. उलट केलंत तर पेपर तेच मेण ओरखड्यांत घासून बसवतो. घासून झाल्यावर पुन्हा एकदा पुसायचं. सर, तुमचा क्रम हाच होता. धुवा, वाळवा, घासा, पुन्हा पुसा. मला तो ४५ वर्षांनी डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडला.

तिसरी गोष्ट. गाडी एक असली तरी तिची कातडी एक नसते. आमच्या गाडीची केबिन लोखंडी पत्र्याची, खोली फायबरग्लासची, कोपरे अॅल्युमिनियमचे आणि बंपरच्या कडा प्लास्टिकच्या. प्रत्येकाचं पथ्य वेगळं. लोखंडावरचा गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा. बारीक खड्ड्यांत उरलेल्याला गंज बदलणारं आम्लाचं द्रावण लावायचं आणि मग इपॉक्सी प्रायमर. अॅल्युमिनियमला त्याला चावून बसणारा, म्हणजे एचिंग प्रायमर लागतो, आणि तोही घासल्या दिवशीच, कारण त्या धातूवर हवेनेच लगेच नवा पापुद्रा धरतो. प्लास्टिकला चिकटवणारा वेगळा थर लागतो. आणि फायबरग्लास? तिथे मी फसता फसता वाचलो. हाताला खडू लागणारी ती जागा बहुतेक वेळा मेलेली नसते, तिची फक्त वरची साय मेलेली असते. घासायचं मलम आणि पॉलिश लावून बघितलं तर आतून चमक वर आली. माझ्या यादीतल्या निम्म्या जागांना रंग लागलाच नाही. जिथे रंगाची गरज नाही तिथे रंग न लावणं, हेही रंगकामच आहे.

चौथी गोष्ट घासण्याची. ओरखडा बोटभर असेल तर घासायची जागा तळहाताएवढी. जुन्या रंगाची कडा पायरीसारखी राहिली तर नवा रंग कितीही मारा, ती पायरी दिसतेच. आधी १८० नंबरचा पेपर, मग ३२०, मग पाण्यात भिजवून ६००. डोळे मिटून बोटं फिरवायची. डोळ्यांना पायरी दिसत नाही, पण बोटाला लगेच कळते. लांबी भरली असेल तर तीही याच परीक्षेतून जायला हवी. एकच सांगतो, यात लाज वाटते. लहानसा डाग घासून घासून आपणच मोठा करतो आणि शेजारी विचारतात, “अरे, हे काय झालं?” त्या मोठ्या डागाला घाबरून आपण आधीच रंगाचा डबा उचलतो.

पाचवी गोष्ट रंग जुळवण्याची. केबिनच्या दाराच्या कडेला एक चिठ्ठी असते, तिच्यावर रंगाचा कोड असतो. मी त्या कोडचा रंग आणला आणि तो लग्नातल्या नव्या सदऱ्यासारखा वेगळा उठून दिसला. कोड गाडीच्या जन्माच्या दिवशीचा असतो. त्यानंतर २६ वर्षांचं ऊन गाडीने सोसलेलं, रंगाच्या डब्याने नाही. मग पेट्रोलच्या झाकणाची दारटी काढली, आधी पॉलिश करून तिचा खरा रंग वर आणला आणि दुकानात नेली. तिथे यंत्राने रंग मोजून तयार करून देतात. तरीही शंभर टक्के जुळत नाही. म्हणून ठिगळ पत्र्याच्या मध्यावर संपवायचं नाही. जवळच्या घडीपर्यंत, पट्टीपर्यंत किंवा जोडापर्यंत न्यायचं. तिथे प्रकाशच बदलतो, डोळा चूक माफ करतो.

आणि प्रत्यक्ष फवारा? तो तर सगळ्यात छोटा भाग. आतली गोळी वाजायला लागल्यावरही डबा दोन मिनिटं हलवायचा. आधी पुठ्ठ्यावर मारून बघायचा. वीतभर, म्हणजे आठ-दहा इंच अंतर ठेवायचं. बोट दाबायचं ते जागेच्या बाहेर, मग हात सरळ रेषेत न्यायचा आणि पुन्हा बाहेर गेल्यावर सोडायचं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे. दहा मिनिटं थांबायचं. मग दुसरा, मग तिसरा. मी पहिल्या दिवशी जाड थर दिला तो ओघळला, कारण मला थांबता येत नव्हतं. दमट हवेत आणि संध्याकाळी दव पडायच्या वेळी हे काम करू नये, रंग पांढुरका होतो. शिवाय मिशिगनचे डास रंगावर येऊन बसतात आणि तिथेच राहतात. आमच्या गाडीच्या डाव्या अंगाला असे दोन डास कायमचे वास्तव्याला आहेत. खडे उडून पडलेल्या टाचणीएवढ्या टवक्यांना मात्र फवारा नको. काडीपेटीच्या काडीचं टोक घेऊन थेंब थेंब भरायचं, वाळल्यावर २००० नंबरच्या पेपरने पाण्यात हलकेच घासायचं. आणि नव्या रंगावर लगेच मेणाचं पॉलिश करू नये. आतलं द्रावण उडून जायला महिनाभर तरी द्यावा.

एक इशारा मात्र गांभीर्याने. ज्या रंगात किंवा वरच्या पारदर्शक थरात हार्डनर मिसळावा लागतो, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत आयसोसायनेट असतं. ते फुफ्फुसात गेलं तर कायमचा दमा होऊ शकतो, आणि तोंडाला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क बांधून काहीही अडत नाही. तो पक्का थर दुकानात, बाहेरून हवा देणाऱ्या मास्कमध्येच मारला जावा. मी घरी साधा, हार्डनर नसलेला थर वापरला. तो कमी टिकतो. चालेल. मोकळ्या हवेत आणि द्रावणाची वाफ अडवणारा मास्क लावून. इथे आपल्या गावात गॅरेजमध्ये जी पोरं उघड्या तोंडाने गाड्या फवारतात, त्यांना हे आपण सांगितलं पाहिजे. आपल्यातल्या ज्यांचे टेम्पो-ट्रक आहेत त्यांनी तर नक्कीच.

आता गाडी कशी दिसते? खरं सांगतो, भर दुपारच्या उन्हात तो कोपरा ओळखू येतो. पांढऱ्यातला पांढरा जरा वेगळा आहे. मी एक वही केली आहे. कुठे काय कुजलं होतं, काय कापलं, कोणता रंग लावला, तारखा आणि फोटो. गाडी विकायची तर आधी वही हातात द्यायची, मग किल्ली. पण आम्ही ती अजून विकलेली नाही. बायको म्हणाली, “एवढी आतून-बाहेरून माहीत झाली, आता परक्याला कशाला द्यायची?” २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं पुन्हा सुपीरियरच्या काठावर गेलो. आईने भाकरी केल्या होत्या तो ओटा, तोच गॅस. रात्री जोराचा पाऊस झाला. पहाटे मी शिडीवरून चढलो आणि अंधारातच कोपऱ्यावर हात ठेवला. फळी कोरडी होती. खाली उतरून चहा ठेवला.

चहा उकळेपर्यंत मला मामा आठवत होते.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. वयाची ऐंशी ओलांडूनही आलात. तो फळा आम्ही धुतला नव्हता. पॉलिश पेपर दप्तरात तसाच राहिला होता. तुम्ही पाठ थोपटलीत ती आम्ही घेतली. शिपाईमामांनी चांगलाच रंग आणला होता. त्यांनी एक पैसाही खाल्ला नव्हता. त्यांनी आम्हाला विचारलं, तेव्हा “हो मामा” मी म्हणालो. पंधरा वर्षांचा नव्हतो अजून, पण ते कारण होत नाही. साठीला टेकलो तेव्हाही त्या जोडप्यासमोर जवळपास तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं, फक्त इंग्रजीत. मामा आज नाहीत. त्यांची माफी मागायची वेळ मी घालवली. त्यांच्या घरचे अजून गावात आहेत. काल संध्याकाळी आम्ही सहापैकी चार जण त्यांच्या घरी जाऊन आलो. काय बोललो ते इथे सांगत नाही. मामींनी चहा दिला, एवढं सांगतो.

स्मरणिकेच्या संपादकांना एक विनंती आहे. भाषण छापताना लांबी कमी करायची असेल तर पॉलिश पेपरचे नंबर गाळा, डास गाळा, पण हा वरचा भाग गाळू नका. आपल्या शाळेच्या आठवणींत त्या फळ्याचा ठपका ज्यांच्या नावावर लिहिला गेला, ते नाव कुठेतरी छापील अक्षरांत खोडलं गेलं पाहिजे.

आणि शेवटचं. नववी ‘ब’च्या खिडक्यांचे गज आज बघितलेत का? रंगावर रंग, रंगावर रंग, आणि आतून गंज फुगलाय. मुख्याध्यापकबाईंची परवानगी मी घेतली आहे. उद्या सकाळी सात वाजता यायचं. तारेचे ब्रश, पॉलिश पेपर आणि मास्क मी आणले आहेत. रंगाचा डबाही आणलाय, पण तो कुलपात आहे आणि किल्ली सरांकडे आहे. सर गजांवरून बोट फिरवतील आणि मगच किल्ली देतील. उद्या मॅच नाही.